चार खोल्यांचा मल्टिस्विच

त्या व्यवहारात गिस्ली आयनारसन यांचा निव्वळ फायदा दोनशे डॉलरचा होणार होता. चार खोल्यांत टीव्ही जोडून द्यायला वायरमनने खोलीमागे चाळीस सांगितले होते, आणि मल्टिस्विचची किंमत होती चाळीस. गिस्लींनी ठरवले, जोडणी आपल्या हातांनी करायची आणि मल्टिस्विच दुकानात परत द्यायचा. चाळीस-चाळीस असे पाच वेळा वाचले. त्या हिशेबात चूक काढायला जागाच नव्हती. चूक वायरीत होती.

मित्रांनो, तो मल्टिस्विच म्हणजे मी. आता मी जुना झालो आहे. विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावर स्ट्रोंड नावाचे गाव आहे, तिथल्या एका तळघरात तुळईवर दोन स्क्रूंनी मला बसवले आहे आणि माझ्या पाठीवर बोटभर धूळ आहे. सुरुवात मात्र चकचकीत होती. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी माझ्या सहाही तोंडांना वायरी लावल्या, काटा पाहिला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, जराही कुरकुर नाही." एवढे कौतुक मला पुढे बरेच दिवस पुरवून वापरावे लागले.

माझे काम काय ते सांगतो. आकाशातला उपग्रह आपल्या वाहिन्या दोन गठ्ठ्यांत पाठवतो. छपरावरची छत्री एका वायरीतून एका वेळी एकच गठ्ठा खाली सोडते. कोणता सोडायचा, ते टीव्हीजवळचा रिसीव्हर वायरीतूनच सांगतो. एक गठ्ठा हवा असला तर हळू दाब देतो, दुसरा हवा असला तर जोरात. एका वायरीवर चार रिसीव्हर बसवले, की जोरात मागणाऱ्याचे ऐकले जाते आणि हळू मागणाऱ्यांच्या पडद्यावर अंधार होतो. मी छत्रीकडून दोन वायरींनी दोन्ही गठ्ठे घेऊन मध्ये उभा राहतो आणि खालच्या चार तोंडांनी ज्याला जे हवे ते देतो. भांडण नाही, आरडाओरडा नाही. म्हणून माझे नाव कोणाला माहीत नसते.

गिस्लींना सगळे गाव अफी म्हणते. त्यांच्या आइसलँडच्या पूर्वजांच्या भाषेत अफी म्हणजे आजोबा आणि अम्मा म्हणजे आजी. अफींनी चाळीस हिवाळे गोठलेल्या सरोवराला भोके पाडून बर्फाखाली जाळी लावली. कोणाला पैसे देऊन काम करून घेणे त्यांना जमतच नसे. दाढ काढणे सोडले तर सगळी कामे त्यांनी स्वतः केली होती, आणि दाढेचाही एकदा प्रयत्न झाला होता.

त्या जानेवारीत त्यांच्या पत्नीचा, रूनाअम्मांचा, खुब्याचा सांधा बदलला. डॉक्टरांनी सहा आठवडे गाव सोडायला मनाई केली. अम्मांचे मन रमावे म्हणून अफी एका बंद पडलेल्या मोटेलच्या लिलावातून तीन टीव्ही आणि तीन रिसीव्हर उचलून घेऊन आले. बैठकीत अम्मांच्या पलंगासमोर एक आधीच होता. आता स्वयंपाकघरात एक, तळघरात एक आणि वर झोपायच्या खोलीत एक झाला. यामागे प्रेम होते, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते पटकन दिसणार नाही.

जवळच्या गिम्ली शहरातल्या दुकानातल्या बाईंनी सांगितले, "चार टीव्ही? मग हा लागेल." म्हणून मी घरी आलो. पण घरी अफींना खिळ्यांच्या डब्यात जुन्या अँटेनाचा एक स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या चार वाटा करणारी डबी, सापडला. वर एक तोंड, खाली चार. त्यांनी आम्हा दोघांना दोन तळहातांवर धरून तोलले.

"याला चार तोंडं, त्यालाही चारच. मग चाळीस डॉलर कशाचे?"

अम्मांची धाकटी बहीण लोयगामावशी तेव्हा तिथेच होत्या. त्या बहिणीची शुश्रूषा करायला आल्या होत्या आणि मधल्या वेळात मेहुण्यावर लक्ष ठेवत.

"गिस्ली, गाईलाही चार सड असतात," त्या म्हणाल्या. "त्यांनाही वायर लावून बघतोस का?"

अफींनी ऐकले नाही. माझे बिल चिकटपट्टीने माझ्याच पोटाला चिकटवले, मला खोक्यात घातले आणि फ्रिजवर ठेवले. तीस दिवसांच्या आत दुकान परत घेणार होते.

छत्री बसवणाऱ्याने ती बसवतानाच छपरावरून दोन वायरी खाली सोडल्या होत्या, पुढे लागली तर असावी म्हणून. दुसरी वायर अफींनी गुंडाळून तळघरात खुंटीला टांगली होती. तिला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. बर्फावर काम करणाऱ्या माणसाजवळ दोन दोर असतात. एक जाळी ओढायचा. दुसरा कोणी बर्फ फुटून पाण्यात पडलाच तर त्याला ओढायचा. हा दुसरा दोर कोरडा ठेवतात, त्याने कधी मासा ओढत नाहीत, साधी गाठसुद्धा मारत नाहीत. त्यामुळे घरात चार टीव्ही, छपरावरून आलेल्या दोन वायरी, आणि चौघांचा भार एका वायरीवर, हे अफींना अगदी योग्य वाटत होते.

पहिल्याच संध्याकाळी अम्मा हवामान बघत होत्या आणि अफींनी वरच्या खोलीत आपला आवडता कार्यक्रम लावला. त्यात फ्लोरिडाच्या उन्हात एक माणूस बोटीतून मासे धरतो आणि परत पाण्यात सोडून देतो. सोडले की अफी रोज संतापत, आणि रोज बघत. इकडे अम्मांचा पडदा काळा.

"गिस्ली! कशाला हात लावलास?"

"कशालाच नाही! माझं तर छान दिसतंय!"

"तेच म्हणतेय मी!"

अफींनी कारण लगेच शोधले. छत्रीवर बर्फ साचला असणार. अम्मांना ते पटले नाही. त्यांनी पलंगावरूनच तीन दिवस तपास केला. लोयगामावशी खोल्या-खोल्यांतून ओरडून सांगत, आणि अम्मा निळ्या पेन्सिलीने कागदावर लिहीत. शेवटी दोन याद्या झाल्या, डावी आणि उजवी. डाव्या यादीतल्या वाहिन्या एकमेकींबरोबर सुखाने चालत. उजव्या यादीतल्यांचेही एकमेकींशी पटे. पण घरात एकाने जरी उजवीतले काही लावले, तरी डावीवाल्यांकडे अंधार. याद्या फ्रिजच्या दारावर लागल्या आणि घरात कायदा झाला. उजवी लावायची तर आधी "उजवी लावतोय!" असे ओरडायचे आणि सगळ्या खोल्यांतून होकार आल्यावरच लावायची.

"चर्चमध्ये लग्न लागायलाही एवढी संमती लागत नाही," लोयगामावशी म्हणाल्या.

अफींच्या मते या याद्या म्हणजे अम्मांना पडल्या-पडल्या सुचलेला खेळ होता. ते ओरडत, कारण भांडण नको असे. पण विश्वास त्यांचा बर्फावरच होता. आणि मी, या सगळ्यावरचा उपाय, त्या याद्यांच्या बरोबर वर, खोक्यात बसून होतो. माझ्यावर कोणीतरी विणकामाची टोपली ठेवली होती. मित्रांनो, उपयोगी असून उपयोगात नसणे हे काय असते, ते मला त्या अठ्ठावीस दिवसांत कळले.

एकोणतिसावा दिवस रविवार होता, आणि त्या दिवशी डिसाचा अंतिम सामना होता.

डिसा ही अफी-अम्मांची नात, बावीस वर्षांची. देशाच्या महिला कर्लिंग स्पर्धेत ती आमच्या मॅनिटोबा प्रांताच्या संघातून खेळत होती. दगड बर्फावरून सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडू घासत पळायचे, की दगड लांब जातो आणि सरळ जातो. हे घासणे तिला अम्मांनी गावच्या दोन पट्ट्यांच्या रिंकवर शिकवले होते, पाच वर्षांची असल्यापासून. आणि तेव्हापासून अम्मांनी तिचा एकही सामना चुकवलेला नव्हता. दोनशे अकरा सामने त्यांनी पाहिले होते, या स्पर्धेतले पलंगावरून आणि आधीचे सगळे काचेला नाक लावून. दोनशे बारावाही तिथेच, दोन हजार किलोमीटर पूर्वेला होता, आणि अम्मा पलंगावर.

"तिथे नाही तर नाही," त्या सकाळपासून म्हणत होत्या, "पण बघणार मी. शेवटच्या दगडापर्यंत बघणार."

दुपारपर्यंत घरात त्रेचाळीस माणसे जमली. बैठकीत म्हातारी मंडळी, स्वयंपाकघरात मावशी आणि आलुबुखाऱ्याचा सात थरांचा केक कापणाऱ्या बायका, तळघरात तरुण आणि लहान मुले. तिन्ही पडद्यांवर एकच वाहिनी, डाव्या यादीतली. अम्मांनी काठी आपटून जाहीर केले, की आज या घरात उजव्या यादीला बंदी आहे.

आणि अफींना बैठकीत बंदी होती. ती गावाने घातली होती. उपांत्य सामन्याच्या वेळी अफी पडद्यासमोर उभे राहून कण्हत होते, पंचांना शिव्या देत होते आणि मागे सरकताना त्यांनी गावच्या पोस्टातल्या बाईंचा पाय तुडवला होता. नात दगडाजवळ वाकली, की त्यांना एका जागी राहवत नसे आणि ते इतरांनाही राहू देत नसत. म्हणून सामना सुरू व्हायच्या आधीच ते झाडू घेऊन उठले.

"मी वर जातो. छत्रीवर बर्फ आलाय," असे म्हणून ते गेले, आणि सगळ्यांनी त्यांना मनापासून जाऊ दिले.

दोन डाव छान झाले. तिसऱ्या डावात डिसाने दगड हातात घेतला आणि तिन्ही पडदे काळे.

"गेलं!" त्रेचाळीस माणसे ओरडली. "गिस्ली! बर्फ!"

वर खिडकी उघडल्याचा आवाज आला, झाडू खरखरला आणि चित्र परत आले. "शाबास गिस्ली!" म्हणून टाळ्या पडल्या. पाच मिनिटांनी पुन्हा अंधार. पुन्हा आरोळी, पुन्हा खिडकी, पुन्हा चित्र, पुन्हा टाळ्या. पाचव्या डावात तिसऱ्यांदा तेच झाले, आणि या वेळी अम्मांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. खिडकीतून त्यांना आकाश दिसत होते. ते निळेभोर होते. बर्फाचा कण पडत नव्हता.

"लोयगा," त्या म्हणाल्या, "कोणीतरी उजवीवर आहे. वर जाऊन बघ."

मावशी वर गेल्या. थोड्याच वेळात जिन्याच्या कठड्यावरून त्यांचे डोके दिसले.

"रूना, तुझा नवरा फ्लोरिडात आहे."

झाले होते असे. अफींना खाली बसवत नव्हते आणि वर नुसते बसवत नव्हते. आवाज बंद करून त्यांनी मासेवाला लावला होता. खालून आरोळी आली, की ते खिडकी उघडायला टीव्ही बाजूला ढकलत. ढकलला, की मागे रिसीव्हरची विजेची पिन निघे. पिन निघाली, की खाली चित्र येई. अफींना वाटे, झाडूचा गुण. मग पिन लावून ते पुन्हा फ्लोरिडात जात. आपले बर्फाचे म्हणणे इतके पटापट सिद्ध होताना त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते.

अफी खाली आले. घर हसत होते, पण ते हसत नव्हते.

"बंद करतो," ते म्हणाले. "इथेच बसतो कोपऱ्यात."

"नको, नको!" पोस्टातल्या बाईंनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. "इथे नको!"

"मग वर बसतो गप्प."

अम्मांनी त्यांच्याकडे पाहिले. ते झाडूच्या काड्या एकेक करून उपटत होते. अम्मा चव्वेचाळीस वर्षे या माणसाबरोबर राहिल्या होत्या.

"गप्प बसून जीव जाईल त्याचा," त्या म्हणाल्या. "त्याला मासे बघू द्या. मला सामना बघू द्या. लोयगा, फ्रिजवरचं खोकं काढ."

"ते उद्या परत द्यायचंय," अफी म्हणाले. "उद्या तिसावा दिवस."

"काढ ते खोकं."

"रूना, त्याला दोन वायरी लागतात. दुसरी राखीव आहे."

"कशासाठी राखीव?"

"कोणी बुडत असलं तर."

"मग?" अम्मा म्हणाल्या. "मी बुडतेय की, गिस्ली. दोनशे अकरा सामने बघितले आणि हा काळ्या पडद्यावर बघतेय. अजून कोणी किती बुडायचं?"

अफींनी झाडू भिंतीला टेकवला, तळघरात गेले आणि खुंटीवरून ती वायर काढली. काढताना तिला एकदा हाताने चाचपले, कोरडी आहे ना ते.

दहापैकी पाच डाव झाले, की खेळाडूंना थोडी विश्रांती असते. तेवढ्यात काम उरकायचे होते. मावशींनी माझे पोट फाडले, म्हणजे खोक्याचे, आणि माहितीपत्रक मोठ्याने वाचू लागल्या.

"पहिलं. सगळ्या रिसीव्हरच्या पिना भिंतीतून काढा."

चारही खोल्यांतून पिना निघाल्या. आता सगळे घर आंधळे.

"दुसरं. दोन्ही वायरी वरच्या दोन तोंडांना लावा. इथे चित्र काढलंय, गिस्ली. मुद्दाम तुझ्यासाठीच काढलंय."

"वाच, बोलू नकोस."

अफींनी मासे सोलायच्या सुरीने वायरीचे टोक सोलले. ती बोटे बर्फात गाठी सोडणारी होती, पण त्या दिवशी घाईत होती. वायरीच्या आत तारांची विणलेली जाळी असते, तिचा एक बारीक तंतू मधल्या तारेला चिकटून राहिला. तो राहिला असता तर मी जन्मभर मुका राहिलो असतो. मावशींनी चष्मा कपाळावर घेतला, वाकल्या आणि तो तंतू नखाने बाजूला केला. या एका गोष्टीबद्दल मी त्यांना त्यांचे सगळे टोमणे माफ केले आहेत. मग चार खोल्यांच्या वायरी स्प्लिटरवरून निघून माझ्या खालच्या चार तोंडांना लागल्या.

तिकडे विश्रांती संपून गेली होती. सहावा डाव कोणीच पाहिला नाही. त्रेचाळीस माणसे काळ्या पडद्यासमोर केक हातात धरून बसली होती आणि कोणी चावत नव्हते.

"लावा!" अफी ओरडले.

आणि मित्रांनो, माझ्या वरच्या दोन तोंडांतून दोन्ही गठ्ठे एकदम आत आले. इतके दिवस खोक्यात पडलेल्या मला ते आधी झेपलेच नाही. मग खालून मागण्या आल्या. बैठक, हळू. स्वयंपाकघर, हळू. तळघर, हळू. आणि वरून अफींच्या खोलीतून एक जोरकस. ज्याचे त्याला दिले. माझ्या डोक्यावरच्या फळ्यांतून अशी आरोळी आली, की तुळईवरचा भुसा खाली पडला. ती या घरातली माझी पहिली शाबासकी, आणि ती त्रेचाळीस माणसांची होती. कोणी माझे नाव घेतले नाही, पण मी ती माझीच धरतो.

अफी पुन्हा वर आपल्या माशांकडे गेले. मधल्या अंधारात डिसाचा संघ दोन गुणांनी मागे पडला होता. आठव्या डावात तीन गुण घेऊन तो एकाने पुढे गेला, नवव्यात समोरच्यांनी बरोबरी केली. दहावा, शेवटचा डाव सुरू झाला आणि अम्मांची काठी जमिनीवर टकटक करू लागली. शेवटचा दगड मॅनिटोबाचा होता. कर्णधार तो सोडणार होती, आणि डिसा दुसऱ्या एका मुलीबरोबर झाडू घेऊन पुढे उभी होती. पुरेसे घासले तर दगड वर्तुळाच्या मध्यावर आणि सामना खिशात, नाही तर वीतभर अलीकडे.

तेवढ्यात माझ्या चौथ्या तोंडावरचा जोर ओसरला.

मला वाटले, अफींनी बंद केला. बंद नव्हता केला. चौथी खोली हळू मागत होती. डावी यादी मागत होती. मी दिली.

वर पायांचा आवाज नव्हता, कण्हणे नव्हते. अम्मा ओरडल्या, "घास! घास, पोरी, घास!" आणि त्यांच्यामागून सगळे घर "घास! घास!" करू लागले, तळघरातली मुले जमिनीवर हातांनी घासू लागली. दगड आला, हळू झाला, आणखी हळू झाला, आणि मध्यावर येऊन उभा राहिला.

त्या आवाजाचे मी काय सांगू? केकच्या ताटल्या फुटल्या. अम्मा, ज्यांना डॉक्टरांनी उभे राहायला मनाई केली होती, त्या उभ्या राहिल्या, आणि मावशी त्यांना दोन्ही हातांनी धरून रडत-रडत शिव्या देत होत्या. पडद्यावर डिसाने झाडू डोक्यावर धरला होता.

चौथे तोंड पुन्हा जोरात मागू लागले. फ्लोरिडा. अर्ध्या मिनिटाने जिन्यावर पावले वाजली.

"काय झालं?" अफींनी विचारले. "संपलं का?"

"जिंकली!"

"असं?" अफी म्हणाले. "बघा, आणि मी मासे बघत बसलो!"

अम्मांनी त्यांना नीट न्याहाळले. "गिस्ली, डोळे का लाल झालेत?"

"फ्लोरिडातलं ऊन," अफी म्हणाले.

त्यानंतर मी सोळा वर्षे काम केले. घरात पुन्हा कोणी "उजवी लावतोय!" असे ओरडले नाही. सुरुवातीला ते सगळ्यांना चुकल्यासारखे वाटे. मग नवी छत्री आली, मग वायरीच नको असलेले टीव्ही आले, आणि मला तुळईवर तसेच ठेवून सगळे पुढे गेले. मी तक्रार करत नाही. फक्त एक मागणे आहे. तुमच्या घरातही कुठेतरी माझ्यासारखी एखादी डबी गप्प बसून असेल. तिच्यावर टोपल्या ठेवू नका. वर्षातून एकदा तिची टोके हाताने घट्ट करा, पाणी झिरपत असेल तर पुसा. आणि घरात चार माणसे चार गोष्टी मागत असतील, तर सगळ्यांना एकाच वायरीवर बसवून वर भांडणाचा दोष बर्फाला देऊ नका. राखीव ठेवलेले बाहेर काढायचा दिवस कोणता, हे घरातल्या माणसाचा चेहरा बघून ओळखा.

आता राहिले, कोणी काय भरले ते. फाडलेले खोके दुकानाने परत घेतले नाही, तेव्हा माझे चाळीस डॉलर अफींनी भरले. ताटल्या मावशींनी भरून दिल्या. उभे राहिल्याबद्दल अम्मांनी आणखी दोन आठवडे पलंगावर भरले. शेवटचा दगड मात्र अफींनी फुकट पाहिला, असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. आपण तो पाहिला हे त्यांनी आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही, म्हणून त्या दिवसापासून गावातला प्रत्येक जण त्यांना थांबवून तो दगड सांगतो, सुरुवातीपासून, हातवारे करून, आणि अफींना प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे तोंड उघडून उभे राहावे लागते. आता ते पंचाऐंशीचे आहेत. मागच्याच आठवड्यात पोस्टातल्या बाई इथे तळघरात त्यांच्याबरोबर बटाटे न्यायला उतरल्या आणि माझ्याखाली उभ्या राहून त्यांनी तो दगड पुन्हा सांगितला, पंधरा मिनिटे. अफी म्हणाले, "असं? मग काय झालं?" आणि तोही हप्ता त्यांनी भरला.